कॅराव्हॅन ओढायला फोर व्हील ड्राइव्ह लागतेच का?

मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेनकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांत हा प्रश्न हल्ली वरचेवर निघतो. मुलं जरा मोठी झाली, घराचा हप्ता अंगवळणी पडला, आता सुट्टीत हॉटेलं नकोत, कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) किंवा कॅम्पर ट्रेलर घेऊ या असं ठरतं. मग ती ओढायला गाडी कोणती, आणि त्याच दमात, "फोर व्हील ड्राइव्हच घ्यावी लागेल ना?" शेजारी 'हो' म्हणतो, ऑफिसातला सहकारी 'हो' म्हणतो, शोरूममधला विक्रेता तर 'हो' म्हणतोच. त्या एका 'हो'साठी काही हजार डॉलर जास्त जातात आणि पुढची अनेक वर्षं पेट्रोल-डिझेलही जास्त जळतं.

माझं म्हणणं असं की इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. गाडी किती वजन ओढू शकते हा एक. तिच्या चाकांना जमिनीवर पकड मिळते का हा दुसरा. फोर व्हील ड्राइव्ह फक्त दुसऱ्याचं उत्तर आहे. पहिल्याचं उत्तर कागदावर छापलेलं असतं, आणि तिथलं गणित चुकलं तर अपघात होऊ शकतो.

चार चाकं फिरतात म्हणजे काय होतं

इंजिनची ताकद रस्त्यावर उतरते ती चाकांतून. साध्या गाडीत ती दोनच चाकांना जाते. लहान गाड्यांत आणि बऱ्याच फॅमिली गाड्यांत पुढच्या, काही युट (मागे सामानाचा उघडा हौदा असलेल्या गाड्या) आणि व्हॅनमध्ये मागच्या. उरलेली दोन चाकं नुसती ओढली किंवा ढकलली जातात. फोर व्हील ड्राइव्हमध्ये चारही चाकं जोर लावू शकतात.

त्यातही तीन प्रकार आहेत, आणि विकताना ते सर्रास एकाच नावाखाली खपवले जातात. पहिला ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे सुबारू आउटबॅकसारख्या गाड्या. चारही चाकांना ताकद आपोआप वाटली जाते, चालकाला काही करावं लागत नाही. दुसरा पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह, हायलक्ससारख्या युटमधला. एरवी मागची दोन चाकं चालतात, गरज पडली की चालक पुढची जोडतो. तिसरा फुल-टाइम, प्राडो आणि लँडक्रूझरमधला. चारही चाकं कायम जोडलेली, पण मध्ये एक डिफरन्शियल असतो, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची पेटी. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात बहुधा लो रेंजही मिळते. लो रेंज म्हणजे गिअरच्या मागे बसवलेला आणखी एक गिअर. तो टाकला की गाडी अगदी सावकाश चालते, पण चाकांवरचा जोर साधारण अडीच पट होतो.

पार्ट-टाइम प्रकाराबद्दल एक गोष्ट खरेदीआधी कळलीच पाहिजे. कोरड्या डांबरावर ती चार चाकांवर चालवता येत नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. माती किंवा वाळू असेल तर टायर थोडे घसरतात आणि हा फरक जिरतो. कोरड्या डांबरावर तो जिरायला जागाच नसते. ताण सगळा गिअर आणि शाफ्टवर येतो, स्टिअरिंग जड होतं आणि शेवटी काहीतरी मोडतं. म्हणजे हायवेवर कॅराव्हॅन ओढत निघालेली अशी युट, बोनेटवर काहीही लिहिलेलं असो, मागच्या दोन चाकांवरच चाललेली असते. जिथे बहुतेक किलोमीटर जाणार, तिथे ही सोय बंदच असते.

वजनाचं गणित कागदावरच आहे

आता पहिला प्रश्न. ऑस्ट्रेलियात प्रत्येक गाडीला ब्रेकवाला ट्रेलर किती किलोपर्यंत ओढता येईल याचा आकडा दिलेला असतो. किया कार्निव्हलची डिझेल गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि तिचा आकडा 2,000 किलो आहे. सुबारू आउटबॅकच्या साध्या 2.5 लिटर इंजिनच्या गाडीचा आकडाही 2,000 किलोच, आणि ती ऑल व्हील ड्राइव्ह आहे. उलट टोयोटाच्या 2019 च्या राव-फोर हायब्रिडमध्ये दोन चाकांच्या गाडीला 480 किलो आणि ऑल व्हील ड्राइव्हला 1,500 किलो असा फरक होता. तेव्हा "अमुक गाडी ओढते" असं कुणाकडून ऐकून चालत नाही. तुम्ही घेणार त्याच इंजिनाच्या, त्याच व्हेरियंटच्या पुस्तिकेतला आकडा बघावा लागतो.

पण तो आकडा गाठण्याआधीच गाडी भरून जाते, आणि इथे बहुतेकांची फसगत होते. लक्षात ठेवायच्या दोन संज्ञा आहेत. जीव्हीएम म्हणजे माणसं, सामान, इंधन आणि कॅराव्हॅनच्या पुढच्या टोकाचा भार धरून गाडीचं जास्तीत जास्त वजन. एटीएम म्हणजे भरलेल्या कॅराव्हॅनचं जास्तीत जास्त वजन. समजा गाडीचं रिकामं वजन 2,150 किलो आणि जीव्हीएम 2,700. म्हणजे वर 550 किलो चालतील. 2,000 किलोची कॅराव्हॅन टो बॉलवर, म्हणजे जिथे ती अडकवतो त्या गोळ्यावर, साधारण दहा टक्के, म्हणजे 200 किलो भार टाकते. उरले 350. चार माणसं 280 धरली तर उरतात 70 किलो. त्यात फ्रिज, तंबू, गॅसची शेगडी, पाण्याचे कॅन आणि आजीने दिलेले डबे.

फोर व्हील ड्राइव्हच्या जादा शाफ्ट-गिअरचं वजन याच हिशेबातून जातं. एकाच मॉडेलची दोन आणि चार चाकांची गाडी शेजारी ठेवली, तर चार चाकांची रिकामीच जड असते. जीव्हीएम तेवढाच असेल, तर सामानाची जागा तिच्यात कमी उरते.

ब्रेकचे नियमही वजनावरच ठरतात. ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवरचा भार 750 किलोच्या वर गेला की ट्रेलरला ब्रेक हवेत. 2,000 किलोच्या वर गेला की त्याच्या सगळ्या चाकांना ब्रेक हवेत, आणि ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही हवी. ओढणारी गाडी दोन चाकांची की चार, याने यातलं काहीच बदलत नाही.

जोडल्यावर चाकांखाली काय घडतं

गावाकडे बैलगाडी भरताना बघितली असेल त्याला हे लगेच कळेल. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. पुढे जास्त झालं की धुरजड होते, बैलांच्या माना दबतात. कॅराव्हॅनचं अगदी तसंच आहे. मागच्या बाजूला जड सामान भरलं तर टो बॉलवरचा भार हलका होतो, आणि हायवेच्या वेगाला कॅराव्हॅन डावी-उजवीकडे झुलायला लागते. एकदा झोके वाढले की गाडी आवरणं कठीण. पुढे फार भरलं तर गाडीचं मागचं टोक बसतं आणि नाक वर येतं.

नाक वर येण्याला आकडा देऊ. टो बॉल मागच्या चाकांच्याही मागे, समजा 1.2 मीटरवर आहे, आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2.9 मीटर. बॉलवर 200 किलो ठेवले की तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचा भार सुमारे 83 किलोंनी कमी होतो आणि मागच्यांवरचा 283 किलोंनी वाढतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हा तोटा. जी चाकं ओढणार त्यांच्यावरचाच दाब गेला. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला उलट फायदा.

आता खऱ्या प्रश्नाकडे. माणसांसकट गाडी 2,200 किलो, कॅराव्हॅन 2,000 किलो, एकूण 4,200. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढणारा रस्ता आहे. नुसतं वर चढायला या गाड्याला साधारण 420 किलोभार इतकी ओढ लागते. चाक किती ओढ देऊ शकतं हे दोन गोष्टींवर ठरतं: त्याच्यावर किती भार आहे आणि जमीन किती धरते. कोरडं डांबर भाराच्या साधारण 70 ते 80 टक्के पकड देतं. ओलं गवत जेमतेम 25 टक्क्यांच्या आसपास.

पुढच्या चाकांची गाडी घ्या. चढावर तिच्या पुढच्या चाकांवर अंदाजे 1,000 किलो उरतात. कोरड्या डांबरावर 700 किलोभार ओढ मिळते, लागते 420. आरामात चढते. तीच गाडी ओल्या गवतावर 250 देते आणि जागच्या जागी चाकं फिरवत बसते. मागच्या चाकांची गाडी गवतावर 330-340 पर्यंत जाते. जवळ पोचते, पण नाही चढत. चार चाकांच्या गाडीत सगळाच भार कामाला येतो. गाडीचे 2,200 आणि बॉलवरचे 200 मिळून 2,400, त्याचे 25 टक्के 600. चढते.

आकडे ढोबळ आहेत. मऊ जमिनीत चाक रुततं त्याची आणखी ओढ लागते, ती मी धरलेली नाही. पण चित्र खरं आहे. डांबरावर तिघी पास, ओल्या चढावर एकटी चार चाकंवाली पास.

म्हणजे ठरवायचं कशावरून? शेवटच्या दोनशे मीटरवरून

तुम्ही वर्षभर जाणार ती ठिकाणं डोळ्यासमोर आणा, आणि प्रत्येकाचा शेवटचा तुकडा. व्हिक्टोरियात विल्सन्स प्रॉमोंटरीचं टायडल रिव्हर, ग्रॅम्पियन्समधलं हॉल्स गॅप, ग्रेट ओशन रोडवरचे लॉर्न आणि अपोलो बे इथले कॅराव्हॅन पार्क. या सगळ्या ठिकाणी डांबरी रस्त्याने पोचता येतं. लांबचं घ्या. मेलबर्नहून उलुरू म्हणजे दोन हजारांहून जास्त किलोमीटर, अगदी मध्य वाळवंट. पण पोर्ट ऑगस्टापासून वर जाणारा स्टुअर्ट हायवे 1987 पासून पूर्ण डांबरी आहे, आणि उलुरूकडे फुटणारा लॅसेटर हायवेही डांबरीच. पर्थकडे जाताना नलारबोरचं माळरान ओलांडणारा आयर हायवे तर 1976 मध्येच डांबरी झाला. डिझेल कार्निव्हलमागे दीड टनाची कॅराव्हॅन लावून हे सगळं करता येतं. बाहेर वाळवंट दिसतं म्हणून चाकांखाली वाळवंट असेलच असं नाही.

दुसऱ्या टोकाला क्वीन्सलँडचं गरी (K'gari) बेट, जे 2023 पर्यंत फ्रेझर आयलंड म्हणून ओळखलं जायचं. तिथे रस्ता म्हणजे वाळूच. लो रेंज आणि जमिनीपासून चांगली उंची असलेली फोर व्हील ड्राइव्ह हवी. साधी ऑल व्हील ड्राइव्ह तिथे नेऊ नये असंच सांगितलं जातं. पश्चिम ऑस्ट्रेलियातला गिब रिव्हर रोड, सुमारे 660 किलोमीटरचा आणि बराचसा कच्चा. व्हिक्टोरियाच्या हाय कंट्रीतली वोनंगट्टा व्हॅली. अशी नावं तुमच्या यादीत दरवर्षी येत असतील, तर वाद संपला, फोर व्हील ड्राइव्ह घ्या. मात्र तिथे कॅराव्हॅनही त्याच लायकीची लागते. कच्च्या रस्त्यावरच्या पन्हाळीसारख्या लाटा शेकडो किलोमीटर आदळत राहतात, आणि साध्या कॅराव्हॅनचे स्प्रिंग, कपाटं, सांधे ढिले करतात. ओढणाऱ्या गाडीची चार चाकं तिला वाचवत नाहीत. आणि कच्च्या रस्त्याबद्दल तुमच्या विम्यात काय लिहिलंय ते निघण्याआधी वाचा.

खरा अवघड भाग या दोन टोकांच्या मधला. नदीकाठची मोफत कॅम्पिंगची जागा, शेतातली गवताळ जागा, पाऊस पडून गेल्यावर. जाताना उताराने सहज उतरलात, रात्री पाऊस झाला, सकाळी तोच उतार चढायचाय. वर्षातून एक-दोनदा असं होणार असेल तर मी पैसे वाचवीन आणि जागा निवडताना डोळे उघडे ठेवीन. वरच्या बाजूला, खडीवर, तोंड बाहेरच्या दिशेला करून. दर महिन्याला असं करणार असाल तर ऑल व्हील ड्राइव्हचा पैसा वसूल आहे.

"पण पावसात फोर व्हील ड्राइव्ह जास्त सुरक्षित ना?"

गाडी सुटताना आणि वेग घेताना, हो. थांबताना, नाही. ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच. ओल्या रस्त्यावर चार टनांचा गाडा किती अंतरात थांबेल हे टायर, वेग आणि कॅराव्हॅनच्या ब्रेकवर ठरतं. झुलणाऱ्या कॅराव्हॅनवरही चार चाकांचा इलाज नाही. तिथे सामानाची मांडणी, वेग आणि लांब चाकअंतराची जड गाडी कामाला येते. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर ओढत असताना कोणत्याही गाडीला ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच समजुतीची. चार चाकांमुळे गाडी ओल्यात न घसरता सुटते, चालकाला वाटतं रस्ता ठीक आहे, आणि तो रस्ता ओला असल्याचं पहिल्यांदा कळतं ते ब्रेक दाबल्यावर.

बर्फात जरा वेगळं आहे. न्यू साउथ वेल्सच्या कॉशिऊस्को राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना साखळ्या सोबत ठेवाव्याच लागतात. फोर व्हील ड्राइव्हला सक्ती नाही, पण ठेवाव्यात असा सल्ला असतोच.

"मग कॅराव्हॅनवाले सगळे फोर व्हील ड्राइव्ह का घेतात?"

कारण जड वजन ओढणाऱ्या गाड्याच मुळात तशा बांधलेल्या असतात. अडीच-तीन टनांची कॅराव्हॅन ओढायची म्हणजे शिडीसारखी मजबूत चॅसिस, मोठं डिझेल इंजिन, भक्कम गिअरबॉक्स हवा. ते सगळं लँडक्रूझर, प्राडो, रेंजर, हायलक्समध्ये मिळतं, आणि यातल्या बहुतेकींना फोर व्हील ड्राइव्ह सोबतच येते. लोक घेतात वजनासाठी, सांगतात चाकांचं. तुमची कॅराव्हॅन अडीच टनांच्या वर जाणार असेल तर हा प्रश्न तुमच्यासाठी आपोआप सुटतो. दीड-दोन टनांच्या आत असेल, तरच निवड खरी तुमच्या हातात आहे.

"ऑल व्हील ड्राइव्हने भागेल का?"

ओलं गवत, खडी, थोडा चिखल, किनाऱ्याजवळचा घट्ट वाळूचा तुकडा, इथपर्यंत भागतं. ऑल व्हील ड्राइव्हचा मोठा गुण असा की डांबरावरही ती चालू असते. कमी पडते ती दोन जागी. एक, मऊ वाळू आणि खोल चिखलात, जिथे मिनिटं-मिनिटं जोर लावत राहावा लागतो. हलक्या ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मागच्या चाकांना जोडणारा क्लच तापतो आणि सुटतो. दुसरी, तीव्र चढावर कॅराव्हॅन मागे रिव्हर्स घेताना. तिथे इंच-इंच सरकायचं असतं, आणि लो रेंज नसेल तर गिअरबॉक्स तापत राहतो. डोंगराळ जागी कॅम्प लावणाऱ्याला माझ्या मते चार चाकांपेक्षा लो रेंजचा उपयोग जास्त होतो.

आणि चारही चाकांना ताकद जाते म्हणजे चारही ओढतात असंही नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक मोकळं फिरायला लागलं की जोडीचं चाकही जोर सोडतं. आजच्या गाड्या फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून ते बऱ्यापैकी आवरतात. अवघड वाटांसाठी दोन्ही चाकं एकत्र बांधणारा डिफ लॉक लागतो.

महाराष्ट्रात हेच का?

आपल्याकडे 2021 मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, पण मागे ट्रेलर लावून फिरणारी कुटुंबं अजून विरळाच. गाडीच्या टपावर तंबू टाकून निघणारे मात्र वाढलेत, आणि थार 2023 पासून मागच्या दोन चाकांवरही मिळते म्हणून तिथेही हीच चर्चा चालते. पवनेच्या काठी किंवा भंडारदऱ्याला, डांबरापासून पाच-पन्नास पावलांवर तंबू टाकणाऱ्याला दोन चाकं पुरतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतात उतरणाऱ्याला चार चाकंही पुरत नाहीत. ती माती टायरच्या नक्षीत गच्च बसते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे चिखलाचे टायर आधी, फोर व्हील ड्राइव्ह नंतर.

अडकलोच तर

पहिलं काम ॲक्सिलरेटर सोडणं. फिरणारं चाक खड्डा खोल करत जातं. वाळू असेल तर टायरची हवा कमी करा. 18-20 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड एकदम वाढते. डांबरावर येताच ती पुन्हा भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर सोबत हवा. चाकांखाली घालायच्या दातेरी प्लास्टिकच्या फळ्या मिळतात, त्याही ठेवा. जमीन सपाट असेल तर चाकं अडवून कॅराव्हॅन सोडा, आधी गाडी बाहेर काढा, मग लांब दोराने कॅराव्हॅन ओढा. एवढं सगळं सामान एका फोर व्हील ड्राइव्हच्या जादा किमतीच्या लहानशा भागात येतं.

दुसरी गाडी ओढून काढायला आली, तर पट्टा टो बॉलला कधीही अडकवू नका. तो गोळा कॅराव्हॅनची सावकाश ओढ सहन करण्यासाठी बनवलेला असतो, झटक्यासाठी नाही. तो तुटून उडाला की काच फोडून आत येतो. ऑस्ट्रेलियात यात माणसं दगावली आहेत. पट्टा लावायचा तो चॅसिसला बोल्टने पक्क्या केलेल्या, भाराचा आकडा कोरलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच. तो तुमच्या गाडीला आहे का, आणि पुढे-मागे कुठे आहे, हे घरच्या ड्राइव्हवेवरच बघून ठेवा.